युद्धाची बातमी येते तेव्हा

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत दिलेले भाषण)



वर्धापन दिनाच्या भाषणात विहाराची पहिली वीट कोणी रचली, वर्गणी कोणी गोळा केली, हे सांगण्याचा रिवाज आहे आणि तो चांगलाच आहे. तो भाग आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम सांगितला. आम्हाला आज वेगळ्या विषयावर बोलायचे आहे. देशावर युद्धाचा प्रसंग येतो, मोठी बातमी येते, तेव्हा राजकीय पक्षांचे समर्थक ती बातमी कशी घेतात, कोणावर तुटून पडतात आणि तसे का वागतात, हा तो विषय.

कोणी म्हणेल, विहारात हा विषय कशाला? उत्तर सोपे आहे. पूर्वी युद्धाची बातमी आकाशवाणीवर ठरल्या वेळी यायची, नाहीतर सकाळच्या पेपरात यायची. एका रेडिओभोवती दहा घरं जमायची. आता ती ज्याच्या त्याच्या खिशात येते, आणि येताना मत, शिवी आणि शत्रू हे सगळं तयारच घेऊन येते. ती पुढे ढकलणारं बोट आपल्याच घरातलं असतं. म्हणून हा विषय आपला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही कोणत्याही पक्षाची बाजू मांडायला उभे नाही. या सभेत वेगवेगळ्या पक्षांना मत देणारी माणसं बसली आहेत. विहाराच्या पायरीवर आपण चपला काढून ठेवतो, तसे आपापले झेंडे थोडा वेळ बाहेर ठेवून ऐकावे, एवढीच विनंती.

बंधू-भगिनींनो, २०२५ सालचा एप्रिल-मे महिना आठवा. २२ एप्रिल रोजी काश्मीरमध्ये पहलगामजवळच्या बैसरन कुरणात अतिरेक्यांनी २६ माणसं मारली. त्यात आपल्या महाराष्ट्राचे सहा जण होते. तिघे एकट्या डोंबिवलीचे, दोघे पुण्याचे, एक पनवेलचे. धर्म विचारून पुरुषांना गोळ्या घातल्या. पर्यटकांना घोड्यावरून फिरवून पोट भरणारा एक स्थानिक मुसलमान तरुणही त्यात मारला गेला. सारा देश संतापला. तो संताप खरा होता, रास्त होता. त्याबद्दल आम्ही एक शब्दही वावगा बोलणार नाही.

पण पुढचे बघा. मारल्या गेलेल्यांत नौदलाचा एक तरुण अधिकारी होता. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. त्याच्या पत्नीचे, मृतदेहाशेजारी सुन्न बसलेली, असे एक चित्र देशभर फिरले. तेव्हा सगळे म्हणाले, ही आमची बहीण. नवऱ्याच्या वाढदिवशी, १ मे रोजी, रक्तदान शिबिरात त्या मुलीने सांगितले की मुसलमान आणि काश्मिरी लोकांच्या मागे लागू नका. शांतता हवी, आणि ज्यांनी हे कृत्य केले त्यांना शिक्षाही हवी. एवढेच ती बोलली. झाले! कालची बहीण एका दिवसात वैरीण झाली. तिच्या चारित्र्यावर, तिच्या शिक्षणावर, तिच्या दुःखाच्या खरेपणावर हजारो माणसं घसरली. शेवटी राष्ट्रीय महिला आयोगाला पत्रक काढून त्याचा निषेध करावा लागला. आयोगाच्या अध्यक्षा आपल्या महाराष्ट्राच्याच, विजया रहाटकर.

७ मेच्या पहाटे भारताने 'ऑपरेशन सिंदूर' सुरू केले. पाकिस्तानात आणि पाकव्याप्त काश्मीरमध्ये नऊ ठिकाणी हल्ले केले. त्याची माहिती द्यायला परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग हे तिघे समोर आले. तिघांचे कौतुक झाले. चार दिवस दोन्ही बाजूंनी मारा चालला. १० मे रोजी संध्याकाळी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी शस्त्रसंधीची बातमी आधी जाहीर केली. त्यानंतर मिस्रींनी पत्रकारांसमोर येऊन थोडक्यात सांगितले की पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांचा दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी फोन आला, आणि ५ वाजल्यापासून जमिनीवर, हवेत आणि समुद्रात गोळीबार थांबवायचे ठरले आहे.

आता सांगा बरं, यात त्या माणसाचा काय गुन्हा? परराष्ट्र सचिव हा सरकारचा नोकर. युद्ध सुरू करायचे की थांबवायचे, हे तो ठरवत नाही. राजकीय नेतृत्व ठरवते. मिस्री हे तीन वेगवेगळ्या पंतप्रधानांचे खासगी सचिव राहिलेले अधिकारी. तरीसुद्धा त्या रात्री त्यांना देशद्रोही म्हटले गेले. त्यांच्या मुलीच्या वकिलीच्या कामावरून तिला शिव्या दिल्या, तिचा संपर्काचा तपशील चव्हाट्यावर मांडला. दुसऱ्या दिवशी त्यांना आपले समाजमाध्यमावरचे खाते बंदिस्त करावे लागले. सनदी अधिकाऱ्यांच्या संघटनेने त्यांची बाजू घेतली. महिला आयोगाने पुन्हा निषेध केला. पुढे संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीत सर्व पक्षांचे खासदार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. हे चांगले झाले. पण घाव बसायचा तो बसून गेला होता.

तिसरा प्रसंग. १२ मे रोजी मध्य प्रदेशातल्या एका मंत्र्याने जाहीर सभेत कर्नल सोफिया कुरेशींचा उल्लेख अतिरेक्यांची बहीण अशा अर्थाने केला. १४ मे रोजी तिथल्या उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली आणि मंत्र्यावर गुन्हा नोंदवायला सांगितले. हे सत्ताधारी बाजूचे झाले. दुसऱ्याच दिवशी विरोधी बाजूच्या एका ज्येष्ठ नेत्याने भर सभेत विंग कमांडर व्योमिका सिंग यांची जात काढली. म्हणे, हिची जात ठाऊक नव्हती म्हणून हिला कोणी बोलले नाही! सत्ताधाऱ्यांना टोमणा मारण्यासाठी विमानदलातल्या एका कर्तबगार स्त्रीची जात चव्हाट्यावर आणायची, हा कुठला न्याय? आपल्याला तर हे अधिक कळायला हवे. कोणी जात विचारली की आपल्या आजोबांच्या पोटात काय कालवत असे, हे आपण ऐकत वाढलो आहोत.

आता हे चारही प्रसंग एकत्र ठेवा. एक विधवा, एक सचिव आणि त्याची मुलगी, गणवेशातल्या दोन स्त्रिया. यात शत्रू कोण आहे? एकही नाही. सगळी आपली माणसं. युद्ध बाहेरच्याशी आणि शिव्या घरच्यांना! असे का होते, हा आमचा खरा प्रश्न आहे.

आमच्या मते त्याचे कारण असे. साध्या नागरिकाला बातमी कळली की तो विचारतो, काय झाले? पक्का समर्थक आधी विचारतो, यात आमचा नेता उंच दिसतो की खाली? बातमी नेत्याला उंच दाखवणारी असली की ती खरी. खाली दाखवणारी असली की ती खोटी, नाहीतर कोणाचे तरी कारस्थान. १० मेला या समर्थकाची मोठी अडचण झाली. त्याला युद्ध पुढे जायला हवे होते, आणि थांबवण्याचा निर्णय तर त्याच्याच सरकारचा होता. नेत्यावर रागावता येत नाही, कारण नेता चुकत नाही ही त्याची श्रद्धा. राग तर आवरत नाही. मग तो राग कुठे जाणार? जो समोर उभा राहून बातमी वाचतो त्याच्यावर. घरात थोरल्याचा राग धाकट्यावर निघतो, तसाच हा प्रकार.

आणि त्याला युद्ध पुढे जायला हवे असे का वाटले? कारण त्याला तशीच बातमी पाजली गेली होती. ८ मेच्या रात्री काही मोठ्या दूरचित्रवाणी वाहिन्यांनी कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले. कोणी इस्लामाबादमध्ये फौजा शिरल्याचे सांगितले. स्टुडिओत भोंगे वाजवले. यातले काहीच घडलेले नव्हते. पण ज्याने रात्री कराची पडलेली पाहिली, त्याला दोन दिवसांनी शस्त्रसंधी म्हटल्यावर काय वाटणार? त्याला वाटणार, हातात आलेला विजय कोणीतरी विकला. आधी खोटी बातमी, मग खोटी अपेक्षा, मग खरा राग.

हा रोग आजचा नाही आणि फक्त आपल्या देशाचाही नाही. आपल्या धम्मबांधवांच्या जपानचे उदाहरण सांगतो. १९०४ साली जपान आणि रशिया यांचे युद्ध जुंपले. जपान लढाया जिंकत गेला. वर्तमानपत्रांत विजयाशिवाय दुसरे काही छापून येत नव्हते. प्रत्यक्षात सुमारे ८०,००० जपानी सैनिक मेले होते, तिजोरी रिकामी झाली होती, नवी फौज उभी करणे अवघड होते. हे सरकारला ठाऊक होते, लोकांना नव्हते. ५ सप्टेंबर १९०५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या मध्यस्थीने पोर्ट्समथला तह झाला. रशियाकडून भरपाईचा एक पैसाही मिळाला नाही, सखालिन बेटाचा फक्त अर्धा भाग मिळाला. त्याच दिवशी टोकियोच्या हिबिया बागेत जमाव जमला आणि शहर पेटले. बहुसंख्य पोलीस चौक्या फोडल्या-जाळल्या गेल्या, १७ माणसं मेली, लष्करी कायदा पुकारावा लागला. तह करून येणारे परराष्ट्रमंत्री कोमुरा जनतेच्या लेखी गुन्हेगार ठरले. देशाला ज्या तहाची गरज होती, तो आणणाऱ्यालाच लोकांनी दोष दिला. माणसाला फक्त विजयाच्या बातम्या खाऊ घातल्या की शांततेची बातमी त्याला पचत नाही. १९०५ सालीही पचली नाही, २०२५ सालीही पचली नाही.

आता कोणी म्हणेल, हा दोष सत्ताधाऱ्यांच्याच समर्थकांचा. तसे नाही, बंधूंनो. १० मेच्या संध्याकाळीच विरोधकांनी इंदिरा गांधींची छायाचित्रे आणि १९७१ सालच्या आठवणी बाहेर काढल्या. बघा, तेव्हा अमेरिकेला कसे सुनावले होते! १९७१चे यश खरेच मोठे, ९३,००० युद्धकैदी हाती आले होते. पण त्या दिवशी ती आठवण इतिहास शिकवायला काढली नव्हती, चिमटा काढायला काढली होती. त्याच पक्षाचे खासदार शशी थरूर यांनी सांगितले की १९७१ची आणि आजची परिस्थिती वेगळी आहे, तर त्यांच्यावर त्यांचेच लोक रागावले. म्हणजे इकडे मिस्री आणि तिकडे थरूर. झेंडा वेगळा, तऱ्हा तीच.

आणि इंदिराजींना तरी कोणी सोडले होते का? २ जुलै १९७२ला सिमल्याचा करार झाला, तेव्हा जनसंघाने त्याला कडाडून विरोध केला. रणांगणावर कमावले ते टेबलावर घालवले, असा आरोप झाला. त्याच्या आधी जानेवारी १९६६मध्ये ताश्कंदचा करार झाला. आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून तिथे हजर होते. लढून घेतलेली हाजी पीर खिंड परत द्यावी लागली, म्हणून खुद्द काँग्रेसचे केंद्रीय मंत्री महावीर त्यागी यांनी राजीनामा दिला. तेही मतभेदच होते. पण त्यागींनी आपली खुर्ची सोडली, कुणाच्या मुलीला शिव्या दिल्या नाहीत. विरोध कसा करावा याचे हे उदाहरण आहे.

सीमेपलीकडेही वेगळे चित्र नव्हते. तिकडच्या समर्थकांनी तीच शस्त्रसंधी आपला विजय म्हणून साजरी केली, सरकारने कृतज्ञता दिन पाळला. दोन्हीकडे विजय! मग हरले कोण? सीमेवरच्या पूंछ शहरात तोफगोळ्यांनी डझनाहून अधिक सामान्य माणसं मारली गेली. त्यात शाळेत जाणारी लेकरं होती. त्या गावाला १० मेची बातमी कशी वाटली असेल? आज रात्री छप्पर डोक्यावर राहील, एवढाच तिचा अर्थ. शस्त्रसंधी नको म्हणणारा घरात पंख्याखाली बसला होता, आणि हवी म्हणणारा तळघरात.

उपासक-उपासिकांनो, आपल्या समाजाला सैन्य नवे नाही. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. आज अनेक घरांत एखादा तरी आजोबा, काका, भाऊ सैन्यातला निघतो. ज्या घरचा माणूस सीमेवर आहे, त्या घरात युद्धाची बातमी निराळ्या कानांनी ऐकली जाते. त्या घरात कोणी टाळ्या वाजवत नाही. फोन लागतो का, एवढेच बघतात.

२०१९ सालचा एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. २६ फेब्रुवारीला बालाकोटचा हवाई हल्ला झाला. लगेच दोन तट पडले. एक म्हणे तीनशे मारले, दुसरा म्हणे पुरावा दाखवा. या गोंधळात दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, काश्मीरमध्ये बडगामजवळ आपले एक हेलिकॉप्टर कोसळले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मेला. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडले होते. ती चूक हवाई दलाने ऑक्टोबर २०१९मध्ये जाहीरपणे मान्य केली. पण त्या सहा जणांची आठवण ना तीनशेवाल्यांनी काढली, ना पुराव्यावाल्यांनी. कारण त्या मरणाने कुणाचाच नेता उंच दिसत नव्हता.

त्यातला एक वैमानिक नाशिकचा होता. त्याच्या पत्नीने त्या दुःखातही लोकांना हात जोडून सांगितले, आम्हाला युद्ध नको आहे. युद्धाचे नुकसान काय असते ते तुम्हाला ठाऊक नाही. मोबाईलवर लढणाऱ्यांनी आता थांबावे, आणि एवढा जोश असेल तर सैन्यात भरती व्हावे. ती माउली मराठीच. तिच्या बोलण्यापुढे आमच्या भाषणाची किंमत ती काय?

आणखी मागे जा. १९८७ ते १९९० आपली शांतिसेना श्रीलंकेत होती. आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ला तिथे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्या मोहिमेत आपले अकराशेहून अधिक जवान गेले. मार्च १९९०मध्ये उरलेली फौज मद्रास बंदरात उतरली, तेव्हा त्या राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. केंद्रातले सरकारही तोवर बदलले होते. ती मोहीम कुठल्याच पक्षाला आपली म्हणावीशी वाटत नव्हती. जवान तेच, शौर्य तेच. फक्त टाळ्यांचा उपयोग संपला होता. यावरून ओळखा, समर्थकाच्या टाळ्या जवानासाठी असतात की पक्षासाठी.

या ठिकाणी रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याची आठवण होणे साहजिक आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तो सविस्तर मांडला आहे, आपण वर्षावासात तो वाचतो. शाक्य आणि कोलिय यांचे पाण्यावरून भांडण झाले. शाक्य संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ उभा राहिला आणि म्हणाला, आधी चौकशी करू. दोघे आपले, दोघे त्यांचे आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, असे पंच नेमू. मत घेतले गेले, सिद्धार्थ प्रचंड बहुमताने हरला. लढायला नकार दिला तेव्हा धमकी काय मिळाली? घराण्यावर बहिष्कार घालू, जमिनी जप्त करू. नीट लक्ष द्या. शिक्षा बोलणाऱ्याला एकट्याला नाही, त्याच्या घरच्यांना. अडीच हजार वर्षांपूर्वीही रागावलेली सभा माणसाच्या कुटुंबापर्यंत पोचली होती. मिस्रींच्या मुलीपर्यंत पोचलेली सभा तीच आहे. आणि बहिष्कार म्हणजे काय असतो, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. सिद्धार्थ परिव्राजक होऊन निघून गेल्यावर त्याच शाक्यांनी युद्धाविरुद्ध मिरवणुका काढल्या, संघ पुन्हा बसला, आणि बहुमत शांततेच्या बाजूने झाले. सभा तीच, माणसं तीच. मधे फक्त थोडा काळ गेला आणि राग निवला. म्हणून आम्ही म्हणतो, पहिल्या रात्रीचे मत हे मत नव्हे, तो ताप असतो. तापात माणूस बडबडतो. ते कोणी लिहून ठेवत नाही. आज मात्र मोबाईलवर सगळे लिहून राहते.

आता दोन शंका घेऊ, कारण त्या तुमच्या मनात आल्या असणार. पहिली, राग येऊच नये काय? आला पाहिजे. पहलगामच्या बातमीने ज्याला राग आला नाही तो माणूस कसला? पण तो राग मारेकऱ्यावर आणि त्याला पोसणाऱ्यावर असावा. शेजारच्या काश्मिरी शालवाल्यावर नसावा, विधवेवर नसावा.

दुसरी शंका, मग सरकारला प्रश्न विचारूच नयेत काय? जरूर विचारावेत. पर्यटकांच्या कुरणात बंदोबस्त का नव्हता? शस्त्रसंधीची बातमी परदेशातून आधी का आली? आपली विमाने किती पडली? हे प्रश्न नागरिकाचा हक्क आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावून सांगितले की धर्मात भक्तीने मुक्ती मिळत असेलही, राजकारणात मात्र ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. भक्त प्रश्न विचारत नाही, म्हणून त्याला शिवी द्यावी लागते. नागरिक प्रश्न विचारतो, म्हणून त्याला शिवीची गरज पडत नाही. प्रश्न निर्णय घेणाऱ्याला विचारायचा असतो. शिवी मात्र सापडेल त्याला दिली जाते. एवढा फरक मुलांना समजावून सांगा.

मग आपण काय करावे? आम्ही तीन गोष्टी सुचवतो. यांना पैसा लागत नाही.

पहिली. रात्रीची बातमी सकाळपर्यंत पुढे पाठवू नका. त्या मे महिन्यात एक संदेश फिरत होता, दोन-तीन दिवस एटीएम बंद राहणार. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचे सांगितले. पण असा संदेश वाचून हातावर पोट असलेला माणूस कामधंदा सोडून रांगेत उभा राहतो. आपण पंचशील घेताना खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा करतो. न तपासता पुढे ढकललेले खोटे हेही आपलेच बोलणे समजावे.

दुसरी. पक्ष बदलून बघा. एखाद्या बातमीवर तोंडातून शब्द निघण्याआधी मनाशी विचारा, हाच निर्णय समोरच्या पक्षाच्या सरकारने घेतला असता तर मी हेच बोललो असतो का? उत्तर नाही असे आले, तर ते मत आपले नव्हे, पक्षाने आपल्या तोंडात ठेवलेले आहे.

तिसरी. घर आठवा. वस्तीतल्या ज्या घरचा मुलगा सीमेवर आहे, त्याच्या आईसमोर हे वाक्य मला मोठ्याने म्हणता येईल का? म्हणता येत नसेल तर लिहूही नका. आणि अशा दिवसांत त्या घरी जाऊन बसा. चहा घ्या, चौकशी करा. विहार समितीने आपल्या परिसरातील आजी-माजी सैनिकांच्या घरांची नोंद करावी, आणि असा प्रसंग आलाच तर दररोज संध्याकाळी दोघांनी तरी त्या घरांत फेरी मारावी, अशी जाहीर सूचना आम्ही या सभेत मांडतो. महिला मंडळाने मनावर घेतले तर हे काम उद्यापासून सुरू होईल.

तरुण मित्रांनो, शेवटी तुमच्याशी दोन शब्द. तुमच्या हातात जे यंत्र आहे, त्याने एका क्षणात एखाद्या अनोळखी मुलीचे आयुष्य नासवता येते, आणि त्याच यंत्राने जम्मूला अडकलेल्या मित्राची खुशालीही कळवता येते. देशप्रेमाची घाई करू नका. तो आयुष्यभराचा धंदा आहे. परीक्षा पास व्हा, भरती व्हा, रक्त द्या, कर भरा, मत द्या आणि ज्याला मत दिले त्याला हिशेब विचारा. एवढे केले तर देशासाठी शिवी द्यायला वेळ उरणार नाही.

धम्मपदातली वैराविषयीची गाथा या विहारातल्या लहान लेकरांनाही पाठ आहे. ती सणावाराला म्हणायला सोपी आहे. तिची खरी वेळ युद्धाची बातमी येते त्या रात्री असते. त्या रात्री आपल्या वस्तीतून एकही शिवी बाहेर गेली नाही, तर हा विहार बांधणाऱ्यांचे कष्ट कामी आले असे आम्ही समजू.



नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!